'झ' की 'म्वा'?

चाळीस वर्षांचा संसार 'अहो' आणि 'अगं' या दोन शब्दांवर रेटलेल्या माणसाला सर्वनामांची कसली भीती? हिने मला कधी नावाने हाक मारली नाही. चारचौघांत नुसतं 'हे' म्हणते आणि सगळ्या आळीला कळतं कुठले हे ते. म्हणून लेकीकडे ल्योंला राहायला जाण्यापूर्वी फ्रेंचचं पुस्तक आणलं, तेव्हा सर्वनामांचा धडा मी वाचलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात फिरून परतलो आणि दाराचा नंबर विसरलो. बटण दाबलं. आतून इमारतीची देखभाल करणाऱ्या बाईंनी विचारलं, कोण? आपल्याकडे याचं पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर: मी! फ्रेंचमध्ये मी म्हणजे 'झ'. मी ठणकावून म्हणालो, "झ!" आत शांतता. पुन्हा म्हणालो, "झ!" तरी शांतता. बाई बिचाऱ्या क्रियापदाची वाट बघत होत्या.

हा 'झ' क्रियापदाचं बोट धरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एकट्याने उभं राहायचं असेल, किंवा आपण 'च' लावून देतो तसा जोर द्यायचा असेल, तर तिथे 'म्वा' लागतो. 'तू' असेल तर 'त्वा'. अभंगांतले 'म्यां' आणि 'त्वां' आठवले की हे झटकन पाठ होतं. जोर कमी पडला तर दोन्ही मी एकापाठोपाठ म्हणायचे: 'म्वा, झ...' २०१२ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ओलांद यांनी प्रतिस्पर्धी सार्कोझींसमोर टीव्हीवरच्या वादात पंधराएक वाक्यं 'म्वा प्रेझिदाँ'ने, म्हणजे 'मी राष्ट्राध्यक्ष' असं म्हणून सुरू केली आणि निवडणूक जिंकली. मला मात्र एका 'म्वा'अभावी थंडीत वीस मिनिटं काढावी लागली.

मग धडा उघडला. त्यात एक गंमत सापडली ती पुरुषवाचकांनी लक्ष देऊन वाचावी. 'मी तिच्याशी बोलतो' याला फ्रेंचमध्ये 'झ ल्वी पार्ल'. 'त्याच्याशी बोलतो' यालाही तेच. फोनवर कोण होतं, याचं उत्तर व्याकरणच झाकून ठेवतं. पण 'मला तिची आठवण येते' असं म्हणायला गेलात, की 'ल्वी'ला तिथे मज्जाव. आठवण काढणाऱ्या क्रियापदाला जोरदार सर्वनामच लागतं आणि तिच्यासाठी ते 'एल' असतं. बोललात तर निभावतं, आठवण काढलीत की बिंग फुटतं. हिला हे फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कुणाची आठवण काढताय?"

त्यापेक्षा 'ओं' हे सर्वनाम सरळ, आपल्यातलंच. आम्ही, लोक, कुणीतरी, सगळ्यांची कामं ते एकटं करतं. थोडक्यात, आपलं 'आपण'. "आपण जरा दळण आणू या का?" यातल्या 'आपण'मध्ये ही नसते, हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत समजलं होतं. तिथल्या नर्सबाई एकट्या रुग्णाला "काय, ओंला झोप लागली ना?" अशा थाटात विचारतात, तेव्हा त्याही रात्रभर त्याच्या शेजारी झोपलेल्या नसतात.

खरा घात केला 'पेर्सॉन'ने. 'युन पेर्सॉन' म्हणजे एक व्यक्ती. त्यातला 'युन' गाळला, की उरलेला 'पेर्सॉन' म्हणजे कुणीही नाही! मराठीत 'एक माणूस आला होता' मधला 'एक' काढा, माणूस तरीही येतोच. फ्रेंचमध्ये तो नाहीसा होतो. नियमाने पाहिलं तर त्या नकारासोबत 'न' असा एका अक्षराचा पहारेकरी हवा. पण बोलताना फ्रेंच लोक तो खाऊन टाकतात, त्यामुळे माझी चूक कुणाला चूक वाटलीच नाही.

झालं असं. देखभालीच्या बाई बाहेर गेल्या असताना त्यांचं पार्सल घेऊन एक मुलगा आला. मी दारातच होतो. बाई नाहीत, असं त्याला हातवारे करून सांगितलं, तो गेला. संध्याकाळी बाईंनी विचारलं, कुणी आलं होतं का? मी अभिमानाने, पूर्ण वाक्यात सांगितलं, "पेर्सॉन आला होता." त्यांनी आभार मानले, घरात गेल्या आणि कुरियरवाल्यांना फोनवर अर्धा तास फैलावर घेतलं. पलीकडून उत्तर आलं, की आमचा मुलगा येऊन गेला. दारात माकडटोपी घातलेले एक आजोबा होते, त्यांनीच त्याला परत पाठवलं.

ल्योंमधल्या त्या इमारतीत माकडटोपी एकच होती.