अर्थभाऊ

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार, दुसरं चांदूर रेल्वे. एकाला बाजारानं ओळख दिली, दुसऱ्याला मुंबई-हावडा लोहमार्गानं. पाहुणा भलत्याच चांदूरला उतरू नये, एवढाच या नावांचा हेतू असं तुम्ही-आम्ही समजतो. भाऊ समजत नाहीत.

"बाजार म्हंजे प्रपंच," ते सांगतात, "अन् रेल्वे म्हंजे परमार्थ. बाजारात मानूस गुतते, रेल्वेनं सुटते."

यावर एका निवृत्त गुरुजींनी त्यांना खिंडीत गाठलं. "मंग गुलाबराव महाराजांचं माधान बाजाराच्या तालुक्यात कसं?"

भाऊंनी बशीतला चहा संपवला. "कमळ कोठी उगवते, गुरुजी?"

गावानं त्यांचं नाव अर्थभाऊ ठेवलं, ते असं. यातल्या अर्थाचा पैशाशी संबंध नाही, तो पेन्शनीपुरता. पस्तीस वर्षं त्यांनी बुकिंगच्या खिडकीत बसून पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारखेचा ठसा खटॅक खटॅक मारला. धामणगाव एक, बडनेरा दोन. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, खटॅक सुटली नाही. आता ती सिनेमाच्या गाण्यांवर चालते. स्टेशनाजवळच्या टपरीवर गाणं वाजलं रे वाजलं की भाऊ त्यावर ठसा मारून ते वैकुंठाकडे रवाना करतात.

त्यांचा कोश आम्हाला पाठ आहे. साजण आला की परमात्मा. सासर म्हणजे संसार, माहेर म्हणजे पंढरी. रात्र अज्ञानाची, दिवा ज्ञानाचा. पदर म्हणजे माया. पैंजण वाजलं की अनाहत नाद. गाडी आली की देह, आणि गाडी चुकली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा. पाऊस आला तर मात्र भाऊ क्षणभर थांबतात, कारण तुरीचं काय होईल हाही प्रश्न असतो. मग म्हणतात, कृपा.

या विद्येचं मूळ शोधायचं तर भाऊंच्या पोरपणात जावं लागतं. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि सारा देश रेडिओ सिलोनला कान लावून बसला. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. भाऊंचे वडील गुरुदेव सेवा मंडळाचे. मोझरीचं गुरुकुंज काही लांब नाही. घरी तुकडोजी महाराजांची खंजिरी घुमायची आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चुकायची नाही. म्हणजे दिल्लीत मंत्री कडक आणि घरात बाप कडक. एका बुधवारी प्रार्थनेहून परतलेल्या बापानं पोराला शेजाऱ्याच्या रेडिओखाली पकडलं. आत कोणी तरी बाई साजणासाठी झुरत होती.

"काय ऐकून रायला बे?"

"बाबा, देवाचं हाये. थे जीवात्मा हाये."

बापानं थोडा वेळ गाणं ऐकलं आणि तोही खाली बसला. त्या रात्री दोन गोष्टी झाल्या. भाऊंचा मार वाचला आणि एक संप्रदाय जन्माला आला.

तो संप्रदाय पुढे पार विद्वत्तेला पोहोचला. गझलवाल्यांकडे प्रेमाचे दोन प्रकार आहेत, मजाजी आणि हकीकी. एक माणसावरचं, दुसरं ईश्वरावरचं. हे भाऊंना अमरावतीच्या कुठल्याशा मुशायऱ्यात कळलं आणि परतीच्या गाडीतच त्यांनी त्याचं भाषांतर केलं : "मजाजी म्हंजे पॅसेंजर, हकीकी म्हंजे मेल. रूळ एकच." याहून सोपी व्याख्या मला तरी अजून वाचायला मिळालेली नाही.

'अलबेला'वर तर ते हक्कच सांगतात. १९५१ चा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत आणि पडद्यावर भगवानदादा. तेही जन्मानं अमरावतीचे. "ज्या गाण्यात खुद्द भगवान नाचते," भाऊ विचारतात, "त्यात देव कोठी हाये म्हनून काय धुंडाचं?"

त्यांचं शिखर म्हणजे १९८८ च्या 'तेजाब'मधलं ते आकडे मोजणारं गाणं. त्याचा साधा अर्थ असा की बाई वाट पाहत एकेक दिवस मोजते आहे. "साधा अर्थ साध्या लोकायसाठी," म्हणत भाऊंनी बोटं पुढे केली. एक म्हणजे अद्वैत, दोन म्हणजे द्वैत, तीन गुण, चार वेद, पाच महाभूतं, सहा रिपू, सात चक्रं, आठ सात्त्विक भाव, नऊ प्रकारची भक्ती, दहा इंद्रियं, अकरा रुद्र, बारा ज्योतिर्लिंगं.

"अन् तेरा?" टपरीवाल्यानं विचारलं. त्याला वाटलं, आता गाडी घसरली.

"श्रीराम जय राम जय जय राम. मोज अक्षरं."

टपरीवाल्यानं साखरेच्या डब्यावर बोट आपटत मोजली. तेराच भरली.

गुरुजींनी शेवटचा बाण काढला. गाणं लिहिलं जावेद अख्तरांनी, आणि ते तर स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवतात. भाऊ म्हणाले, "ज्ञानोबानं रेड्याच्या तोंडून वेद वदवला, थ्या रेड्याले इचारलं होतं काय कोनी, तू आस्तिक हायेस का म्हनून?" ही तुलना जावेदसाहेबांपर्यंत जाऊ नये, एवढीच आम्हा सगळ्यांची इच्छा आहे.

हसून झाल्यावर भाऊंनी हळूच नानकांची गोष्ट काढली. सुलतानपूरच्या मोदीखान्यात नानक धान्य मोजत. मोजता मोजता तेरावर आले की तिथंच अडकत. तेरा, तेरा, म्हणजे सगळं तुझंच. माप चालू, आकडा पुढे सरकत नाही. टपरीवर बाजार समितीतला एक मापारी बसला होता. तो म्हणाला, "आमच्या अथी असं केलं तं अडत्या हाकलून देईन." पण चहा त्याचाही थंड झाला होता.

भाऊंना खुळं म्हणावं तर पंचाईत अशी की हे खूळ आपल्याकडे जुनं आहे. नाथांनी भारुडात विंचू घेतला आणि त्याला कामक्रोधाची नांगी लावली; ज्ञानेश्वर विराणीत विरहिणी झाले. लावण्या लिहिणाऱ्या होनाजीच्या भूपाळीनं घरोघरचे देव उठले. आमचं भजनी मंडळ सिनेमाच्या चाली उचलून त्यात देवाचे शब्द भरतं. भाऊ एवढीही मेहनत करत नाहीत, शब्दसुद्धा सिनेमाचेच राहू देतात. आणि फारच कोणी हसलं तर ते पुन्हा माधानला जातात. गुलाबराव महाराज, जन्म १८८१, तान्हेपणीच दृष्टी गेलेली. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत, गळ्यात मंगळसूत्र घालत. "पुरुषानं सोताले कृष्णाची बायको म्हटलं तं आपन पाया पडतो," भाऊ म्हणतात. "सिनेमातली बाई तेच म्हनते तं शिट्ट्या कायले मारता?"

अडचण होते ती लग्नसराईत. वरातीत डीजेसमोर पोरं धुंद नाचत असताना भाऊ नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरून त्याला समजावतात की हे गाणं वैराग्याचं आहे. गेल्या मोसमात एका नवरदेवानं ते मनावर घेतलं आणि मांडवात तो इतका गंभीर बसला की नवरीच्या मामानं चौकशी केली, पोराच्या मर्जीनं चाललं आहे ना?

वहिनींचं मत निराळं आहे. "साऱ्या दुनियेच्या गाण्यातला लपलेला अर्थ यायले समजते," त्या सांगतात. "मी 'दळन आना' म्हटलं तं त्याचा अर्थ पन्नास वर्सात नाई समजला." एकदा म्हणे दळण हा शब्द ऐकताच भाऊंनी जात्याचे दोन दगड म्हणजे जीव आणि शिव, इथून सुरुवात केली. वहिनींनी डबा उचलला आणि स्वतःच गिरणीवर गेल्या. खुंटा सापडेपर्यंत घरात पोळ्या व्हायच्या होत्या.

या दिवाळीनंतर वहिनी लेकीकडे पुण्याला गेल्या. भाऊ टपरीवर जास्त वेळ बसू लागले. पहिला आठवडा विवेचनाचा जोर वाढला. डब्याची सोय शेजारी होती आणि टोकणारं कोणी नव्हतं. मग हळूहळू गाणी ठसा न मारताच जाऊ लागली. एका रात्री तर साजण आला, पदर आला, पैंजणही वाजलं, आणि भाऊ नुसते रुळांकडे पाहत राहिले.

परवा टपरीवाल्यानं मुद्दाम ते आकड्यांचं गाणं लावलं. मापारी सरसावून बसला, गुरुजींनी चष्मा पुसला. भाऊ बोटांवर काहीतरी मोजत होते. आम्हाला वाटलं, महाभूतं चालली आहेत.

"बारा झाले," ते म्हणाले. "उद्या बडनेऱ्याले जातो सकाळीच. थे येऊन रायली." मग थोडं थांबून, "गाडी लेट तं नाई ना बे, पाह्य जरा मोबाइलवर."

पस्तीस वर्षं ज्यानं गावाला गाड्यांच्या वेळा सांगितल्या, तो पोराला गाडीची वेळ विचारत होता.

टपरीवाला सवयीनं बोलून गेला, "पन भाऊ, तेरा म्हंजे?"

भाऊंनी बशी खाली ठेवली.

"तेरा म्हंजे तेरा, लेका."