आनंद रोख, फी उधार

मोबाइल उघडा. कोणीतरी समुद्रकिनाऱ्यावर वृक्षासनात उभे असते. खाली मजकूर असतो: नोकरी सोडली, पूर्णवेळ योगशिक्षक झाले, आनंद सापडला, जगण्याचा उद्देशही सापडला. वा! एकाच फेरीत दोन्ही. घरभाडे कोण भरते, ते मात्र मजकुरात बसलेले नसते.

निफाडला समुद्र नाही.

निफाडला थंडी आहे. डिसेंबर आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यभरच्या पेपरांत छापून येतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे हॉलचे कुलूप काढून सतरंज्या अंथरणारी बाई म्हणजे आपली पूर्णवेळ योगशिक्षिका. वहीत नावे पंचवीस, हजर चार. त्यांतल्या दोघांना डॉक्टरने दम दिलेला. आनंद शोधायचा तो या चौघांत.

प्रवेशाच्या वेळचा संवाद सगळीकडे सारखाच.

‘मॅडम, फी किती?’

‘सहाशे.’

‘वर्षाचे ना?’

‘महिन्याचे.’

‘अहो, योगाला कसली फी? ती तर आपली संस्कृती!’

संस्कृतीचे एवढे बरे असते. तिचा अभिमान फुकट मिळतो, म्हणून तिचा क्लासही फुकट हवा असतो. हेच गृहस्थ जिमचे सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरतात आणि तिसऱ्या आठवड्यात जायचे बंद होतात. त्याची तक्रार नाही. तिथे मशीन असते ना! योगात मशीन म्हणजे स्वतःचेच शरीर. ते आपण घरून आणलेले, मग पैसे कशाचे मोजायचे?

बरे, हा तालुका हिशेबाला कच्चा आहे म्हणावे तर तसेही नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की लिलाव बंद पाडले जातात. योग्यच आहे. घामाला दाम मिळालाच पाहिजे. फक्त तो घाम सतरंजीवर गळाला की त्याला ‘सेवा’ म्हणतात.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले. देश गरीब का, याचे अर्थशास्त्र त्यांनी आयुष्यभर मांडले. योगशिक्षक गरीब का, एवढा एकच धडा राहून गेला.

फुकटवाल्यांकडे एक हुकमी पत्ता असतो. ‘पूर्वीचे गुरू पैसे घेत नसत!’ खरे आहे. नागपूरला जनार्दन स्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ काढले आणि लोकांना विनामूल्य योग शिकवला. (आपल्याकडे जनार्दन स्वामी म्हटले की मौनगिरी महाराज आठवतात. हे नागपूरचे, वेगळे.) माणूस मोठा, काम त्याहून मोठे. पण स्वामी संन्यासी होते. त्यांना गॅस सिलिंडर भरायचा नव्हता, मुलाच्या अकरावीची फी द्यायची नव्हती. संन्याशाचा दर संसारी बाईला लावायचा आणि वर तिच्याकडून समाधानाची अपेक्षा ठेवायची, हे कुठल्या शास्त्रात बसते?

संसारी माणसाने योग शिकवावा, ही कल्पनाही आजची नाही. मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, यांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला गेली. योग गुहेतून काढून घरात आणायचा, हा त्यांचा ध्यास. योग घरात आला. घराबरोबर घरखर्चही येतो, हे आपण शंभर वर्षांनंतरही मान्य केलेले नाही.

आणि पूर्णवेळ योगशिक्षकाची खरी गोष्ट ऐकायची तर पुण्यात जा.

१९३७ साली अठरा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा गुरूच्या सांगण्यावरून पुण्यात आला. डेक्कन जिमखान्याने बोलावले होते. मुदत सहा महिने. मराठी येत नाही, शिक्षण अर्धवट, प्रकृती तोळामासा. पुढची बरीच वर्षे हलाखीची गेली. मुलाचे नाव बी. के. एस. अय्यंगार. त्यांना तेव्हा कोणी विचारले असते की ‘आनंद सापडला का?’ तर त्यांनी आधी जेवण कुठे मिळेल ते विचारले असते.

१९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले. मग युरोप झाला. १९६६ साली ‘लाइट ऑन योगा’ आले आणि १९७५ साली पुण्यात पत्नी रमामणी अय्यंगार यांच्या नावाने संस्था उभी राहिली. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला स्वतःच्या संस्थेपर्यंत पोहोचायला ३८ वर्षे लागली. तीही लंडनमार्गे. आपल्या गल्लीतला शिक्षक दिसायला आपल्याला नेहमीच परदेशी चष्मा लागतो.

निफाडच्या बाईंनी व्हायोलिनवादक कुठून आणावा?

असू दे. सरकार आहे ना! ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला, १७७ देश सहपुरस्कर्ते. २०१५ च्या पहिल्याच योग दिनाला दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकत्र आसने केली, गिनेस बुकात नोंद झाली. छाती फुगली. फुगलेली छाती रेचकाने रिकामी करायची असते, एवढे तेवढे राहून गेले.

२१ जूनला योगशिक्षिकेला सहा शाळांची बोलावणी असतात. सगळ्यांना तीच सकाळची वेळ हवी. मैदानात चिखल, माइकला खरखर, पहिल्या रांगेत पँट-शर्टातले पाहुणे. पद्मासन म्हटले की पाहुणे खुर्चीतच डोळे मिटतात. शेवटी बाईंना नारळ, गुलाबपुष्प आणि फोटो. तालुक्यातली निम्मी माणसे त्या दिवशी पेरणीच्या धांदलीत असतात, पण योग दिन पाऊस बघून ठरलेला नाही.

२२ जूनला कोणाचाही फोन येत नाही.

मानधनाचे म्हणाल तर तेही आहे. केंद्र सरकारच्या आयुष आरोग्य केंद्रांच्या आखणीत अर्धवेळ योगशिक्षकाचा हिशेब ठरलेला आहे. एका सत्राचे २५० रुपये. पुरुष शिक्षकाला महिन्याला ३२ सत्रे, म्हणजे ८,०००. महिला शिक्षिकेला २० सत्रे, म्हणजे ५,०००. दर दोघांना सारखा, काम मात्र बाईला कमी. बायकांचा प्राणायाम लवकर उरकतो, असे काही संशोधन झाले आहे काय?

देश विश्वगुरू. गुरूचा दर सत्राला अडीचशे.

मध्यंतरी आणखी एक दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगवर्गांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टाळ्या! फक्त सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तरच तो लागू होतो. सहाशे रुपयांनी वीस लाख गाठायचे तर बाईंना बाजार समितीच्या आवारातच सतरंज्या अंथराव्या लागतील.

आता जरा योगशिक्षकांकडेही वळू. तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत.

अमेरिकेतल्या योगा अलायन्स नावाच्या संस्थेने २०० तासांचे एक माप रूढ केले. ते आपण डोळे मिटून घेतले. ऋषिकेशात जा, महिनाभर राहा, प्रमाणपत्र गळ्यात घालून परत या. लागवडीनंतर उन्हाळ कांदा तयार व्हायला चार महिने लागतात. योगशिक्षक एका महिन्यात तयार होतो. दोन्हींतले कोणते जास्त टिकते, ते कांदाचाळीत जाऊन बघा.

यात एक गंमत लपलेली आहे. योग शिकवून पोट भरत नाही, हे ज्यांना लवकर कळते, ते योगशिक्षक घडवायला लागतात. सहाशेचा विद्यार्थी महिनाभरात गळतो, हजारोंचा शिक्षक-प्रशिक्षणार्थी मात्र आगाऊ पैसे भरतो. असेच चालले तर एक दिवस गावात सगळेच शिक्षक असतील आणि सतरंजीवर कोणी नसेल.

दुसरा प्रकार दाव्यांचा. शुगर घालवतो, थायरॉइड पळवतो, गुडघे नवे करतो. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढले. नौली करताना आतड्यात दाब किती पडतो, ते हा माणूस उपकरण लावून मोजत होता आणि ‘योग मीमांसा’ नियतकालिकात छापत होता. आजच्या मोबाइलगुरूंना मोजमापाची गरज पडत नाही. त्यांना खालचे लाइक मोजता येतात.

याचा अर्थ इथे काहीच खरे घडत नाही असा नाही. नाशिकला योग विद्या धाम आहे. त्याचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना २०१८ साली पंतप्रधानांच्या नावाचा योग पुरस्कार मिळाला. मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे शिकायची सोय जिल्ह्यात उत्तम. शिकून परत निफाडला आले की पाहुणे विचारतात, ‘ते ठीक आहे, पण बाकी काय करता?’

बाकी काय करणार? पूर्णवेळ आहे ना ते!

वकिलाला असे कोणी विचारत नाही. काम नसलेल्या वकिलालासुद्धा नाही.

मग ही बाई टिकते कशाच्या जोरावर? इथे मात्र आनंदाचा प्रश्न खरा ठरतो. कारण या तालुक्याला तिची गरज आहे, आणि ती गरज मोबाइलवरच्या वृक्षासनाला दिसत नाही.

द्राक्षबागेत थिनिंग आणि डिपिंगच्या हंगामात बायका दिवसभर मांडवाखाली उभ्या असतात. मान वर, हात वर, घडामागून घड. हे ताडासनच आहे, फक्त त्यात ‘हळूहळू पूर्वस्थितीत या’ असे कोणी म्हणत नाही. द्राक्ष आटोपले की कांदा. तिथे दिवसभर कंबरेतून वाकून. पुढे वाकण्याचा आणि मागे वाकण्याचा सराव वर्षभर चालू असतो, मजुरीवर. योगाची सर्वांत जास्त गरज असलेली माणसे योगाच्या वर्गात कधीच दिसत नाहीत.

कारण वर्ग भरतो त्या वेळी या बायका कामावर निघालेल्या असतात.

ज्या शिक्षिकेला हे उमगते, ती वेळ बदलते. संध्याकाळी वस्तीवर जाते. संस्कृत नावे बाजूला ठेवून ‘भिंतीला पाठ लावा आणि खांदे खाली सोडा’ म्हणते. साडीतच, चटईशिवाय. पंधरा दिवसांनी एखादी सांगते, ‘बाई, रातच्याला कूस बदलता येती आता.’ याचा रील होत नाही. यातून सूर्योदयही दिसत नाही. पण उद्देश वगैरे जो म्हणतात, तो असाच असतो. बराचसा कंटाळवाणा आणि रोज तोच.

पण थांबा. लगेच गहिवरू नका. गहिवरून आलेला माणूस फी द्यायला हमखास विसरतो.

‘तुमच्या कामात किती समाधान आहे हो!’ असे तिला सांगणारे पुष्कळ भेटतात. समाधानाचे कौतुक करणारा बहुधा पाकिटाकडे जाणारा हात आवरत असतो. शिक्षकाला सांगितले, नर्सला सांगितले, अंगणवाडीच्या ताईला सांगितले, आता योगशिक्षिकेला सांगतात. ज्या कामात समाधान फार आहे असे आपण ठरवतो, त्या कामाचा पगार कमी का असतो? आणि ज्यांना भरपूर पगार आहे, त्यांनाच समाधान शोधायला योगवर्ग का लावावा लागतो?

या धंद्याची खरी अडचण तर याहून वेगळी आहे. दुकानदाराचा माल चांगला निघाला की गिऱ्हाईक परत येते. इथे गुण आला की विद्यार्थी जातो. ‘मॅडम, आता पाठीला एकदम बरं वाटतंय, म्हणून येणं थांबवलं.’ तिच्या कामाची यापेक्षा मोठी पावती नाही आणि यापेक्षा मोठा तोटाही नाही. ती हसते, ‘घरी करत राहा’ म्हणते. घरी कोणी करत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

चार महिन्यांनी पाठ पुन्हा धरते, पुन्हा फोन येतो. मागच्या दोन महिन्यांची फी राहिलेली असते, पण तिचा विषय निघत नाही.

पाठीबरोबर तीही बरी झालेली असते.