आमचा तारपा

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. शिकत असावा, असं आम्ही धरून चाललो आहोत. कारण त्याचा फोन येतो तो फक्त शनिवारी, आणि तोही स्टेडियममधून. तिकडे दुपारी बाराला सामना सुरू होतो तेव्हा इकडे सिल्वासात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आमच्या कारखान्याला रविवार ठाऊक नाही. सकाळी सातची पाळी गाठायची म्हणून मी अंथरुणाला पाठ टेकतो आणि फोन वाजतो. "मामा, बघ बघ!"

मी बघतो. डोक्यावर पातेली पालथी घातल्यासारखी बावीस धिप्पाड मुलं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. या खेळाला ते फुटबॉल म्हणतात. बॉल हातात असतो, पाय पळण्यापुरते असतात आणि बॉल नेमका कुणाच्या पोटाखाली आहे हे ढीग उपसल्याशिवाय कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढा एकच नियम मला कळला आहे. तोही कळला याचं कारण, वापी रस्त्यावर पाळी सुटायच्या वेळी आम्ही सगळे हाच खेळ खेळतो.

त्या स्टेडियमात १,०७,६०१ जागा आहेत म्हणे. २०११ च्या जनगणनेत आमच्या सिल्वासा शहराची लोकसंख्या होती ९८,२६५. म्हणजे तान्ह्या मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत अख्खं शहर नेऊन बसवलं तरी नऊ हजारांवर जागा उरतात. त्या भरायला खानवेलहून टेम्पो मागवावे लागतील. आणि एवढी गर्दी कशाला, तर कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला! आमच्या कॉलेजच्या मॅचला चौदा प्रेक्षक आल्याची नोंद आहे. नोंद मीच ठेवली आहे. त्यात दोन शेळ्या आहेत.

"तो मागे उभा आहे ना मामा, तो क्वार्टरबॅक," भाचा सांगत होता. "बाकीचे ढकलाढकली करतात, तेवढ्यात तो सगळं मैदान वाचतो. बॉल तो माणसाकडे फेकतच नाही. माणूस जिथे पोचणार असतो तिथे फेकतो."

"आमच्याकडेही एक होता."

"कोण?"

"तारपा."

तेवढ्यात तिकडे एक लाख माणसं एकदम ओरडली आणि माझं आत्मचरित्र पहिल्याच शब्दावर थांबलं. ते इथे पुरं करतो.

आमच्या मुलखाचा इतिहासच मुळी सेल्फ गोलने सुरू होतो. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज पकडलं. इथवर ठीक होतं. पण पुढे मैत्रीचा तह झाला आणि त्या जहाजाची भरपाई म्हणून १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांच्या हवाली झाली. एका जहाजापायी जंगल, नदी, पाडे, सगळं आपणच आपल्या जाळ्यात ढकललं. बरोबरीचा गोल व्हायला १७१ वर्षं लागली. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. त्या मोहिमेच्या चमूत संगीतकार सुधीर फडके होते आणि बाबासाहेब पुरंदरे होते. एक चाली लावणारा, एक इतिहास सांगणारा! आज कुठल्याही निवड समितीने असला संघ दारातूनच परत पाठवला असता. पण जिंकला. आमच्या संघाबद्दल बोलताना मी हे उदाहरण हमखास देतो. पहिल्या अर्ध्या भागापुरतं ते लागू पडतं.

माझे वडील जळगाव जिल्ह्यातून इथे आले. इथे कराची सवलत होती म्हणून कारखाने आले, कारखान्यांमागे माणसं आली आणि माणसांमागे आमच्यासारखी पोरं आली, ज्यांना अभ्यासातून सुटायला एखादा खेळ हवा होता. क्रिकेटचा संघ आधीच भरलेला होता. कबड्डीत पाड्यांवरची मुलं आम्हाला रेषेपलीकडे उचलून ठेवत. उरला फुटबॉल. पोर्तुगीजांनी मराठीला पाव दिला, चावी दिली, पगार दिला. फुटबॉल मात्र जाताना बरोबर नेला असावा, कारण आमच्या कॉलेजात त्याची खूण म्हणजे हवा गेलेला एक बॉल, तोही ऑफिसच्या कपाटाखाली, कपाट हलू नये म्हणून लावलेला.

तो काढला आणि संघ उभा राहिला. कपाट मात्र तेव्हापासून डुगडुगायला लागलं. गोलकीपर दादऱ्याचा. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची पट्टी आहे. त्यामुळे हा गडी रोज परराज्य ओलांडून सरावाला येई आणि स्वतःला आंतरराज्य खेळाडू म्हणवून घेई. उजव्या बगलेला एक ओडिया, पुढे एक बिहारी, मधे नाशिककडचा एक जण, ज्याला खेळापेक्षा पंचांशी वाद घालण्यात गती होती. सर गुजराती. ते काठावरून ओरडत, "डाबे! डाबे!" म्हणजे डावीकडे. बिहारी मुलाला वाटे, दाबायला सांगताहेत. तो समोरच्याला दाबून धरी आणि फाउल होई. मला 'डबे' ऐकू येई आणि भूक लागे.

जर्सी आमच्याच गावच्या पॉलिएस्टरची होती. कुणाच्या तरी काकांनी कारखान्यातलं उरलेलं कापड दिलं होतं, वांगी रंगाचं. पावसाळ्यात ती अंगाला चिकटे आणि हिवाळ्यात काढताना तडतडून ठिणग्या पडत. पहिल्या वर्षी आमच्या संघात चमकली ती तेवढीच.

दुसऱ्या वर्षी तारपा आला.

खानवेलच्या पलीकडच्या एका पाड्यावरून तो यायचा, जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून. काटकुळा, अनवाणी, बोलायला नाखूश. त्याचे आजोबा तारपा वाजवायचे म्हणून आम्ही त्याचं नाव तारपा ठेवलं. तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकायचं वाद्य: सुकवलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भात कापून झालं की नाच होतो. वाजवणारा मधे, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने सूर बदलला की सगळ्यांची पावलं बदलतात. वारली चित्रात माणसांचं जे वेटोळं दिसतं, ते हेच. आणि या नाचाचा एक नियम असा, की काही झालं तरी तारपाकडे पाठ करायची नाही.

आमच्या संघाचा डावपेचही नकळत तोच झाला. तारपा मैदानाच्या मध्यावर उभा राही. त्याला पळताना मी कधी पाहिलं नाही. पळायला आम्ही होतो. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत तो बघत बसे. त्याची मान डावीकडे वळली की डावीकडची फळी हले. हात वर झाला की सगळे थांबत. सरांचं 'डाबे' बंद पडलं. पाच भाषांचा संघ एका मानेवर चालू लागला.

पण त्याची खरी करामत वेगळीच होती. चांगला खेळाडू दुसऱ्याचे गुण ओळखतो. तारपाने आमचे दोष पाठ केले होते. गोलकीपर प्रत्येक वेळी डोळे गच्च मिटून डावीकडेच झेप घेतो, हे त्याने पहिल्या दिवशी हेरलं. सरांनी त्याला सुधारायला तीन महिने घालवले. तारपाने काय केलं, तर बचावाची फळी उजवीकडे सरकवली आणि डावी बाजू उघडी टाकली. समोरचा मोहाने डावीकडेच मारी आणि आमचा आंधळा देव बॉलवर बरोबर जाऊन पडे. ओडिया मुलाला पळत सुटल्यावर थांबता येत नसे. त्याला त्याने अशी बगल दिली जिथे पुढे मोकळं शेत होतं. नाशिककराला आघाडी असताना वेळ काढण्यासाठी राखून ठेवलं होतं. ती वेळ कधी आली नाही, पण तयारी होती.

राहिलो मी. मी बचावात. माझा दोष म्हणजे मी घसरायचो. सुक्यातही घसरायचो, पण पावसात माझ्या घसरण्याला एक वळण, एक ऐट येई. आधी डावा पाय निसटणार, मग मी अर्धा वळणार, उजवा पाय हवेत कमानीसारखा फिरणार आणि शेवटी बैठक. दर वेळी अगदी असंच. आईच्या पुरणपोळीतही इतकं सातत्य नव्हतं.

तर ती मॅच. ऑगस्टचा महिना. आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो वस्तीला येतो. दमणगंगा तुडुंब आणि मैदानाची खाचरं झालेली. समोर गुजरातमधला एक संघ. गुजरातचे संघ आमच्याकडे खेळायला भारी उत्सुक असत. पोरं मैदान बघत, तर त्यांच्याबरोबरची वडीलधारी मंडळी दुकानांच्या पाट्या वाचत. तिकडे दारूबंदी, इकडे नाही. त्यामुळे हरल्याचं दुःख इथल्या इथे बुडवायची सोय होती आणि जिंकल्याचा आनंदही कोरडा जात नसे.

मैदानाच्या एका टोकाला, चिंचेच्या बाजूच्या गोलपोस्टसमोर सात-आठ पावलांवर, एक डबकं होतं. परातीएवढं. दर पावसाळ्यात तिथेच भरायचं. पहिल्या अर्ध्या भागात ती बाजू आमची होती. विसाव्या मिनिटाला त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन आत घुसला. मी नियमाप्रमाणे तारपाकडे तोंड करून उलटा पळत होतो. डबक्यात पाय गेला. डावा निसटला, अर्धा वळलो, उजवा कमानीसारखा फिरला. त्यांच्या फॉरवर्डने मारलेला बॉल खरं तर बाहेर चालला होता. त्याला माझ्या टाचेने दिशा दाखवली. गोलकीपरने डोळे मिटून डावीकडे झेप घेतली. बॉल उजवीकडून आत गेला.

शेळ्यांनीसुद्धा मान फिरवली.

मध्यंतरात सगळे केळी खात होते आणि मी सगळ्यांच्या नजरा चुकवत होतो. तारपा एकटा चिंचेकडे गेला. डबक्याशी उकिडवा बसला. पायाचा अंगठा पाण्यात बुडवून बघितला, गुणगुणला आणि परत आला. मला वाटलं, माझ्या अपघाताची जागा बघून आला, पंचनामा करणार. तो माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "आता तू तठं उभा रे."

"कुठं?"

त्याने मानेने चिंच दाखवली. बाजू बदलल्या होत्या. डबकं आता त्यांच्या हद्दीत गेलं होतं.

मी बचावातला माणूस. मला सगळ्यात पुढे उभा केलेला पाहून सरांनी छत्री फेकली. समोरच्या संघाने माझ्यावर नजर ठेवायला माणूसही दिला नाही. पहिल्या अर्ध्या भागातला माझा खेळ त्यांनी पाहिला होता आणि त्यांचा कल मला आपल्यातलाच मानण्याकडे होता. शेवटची पाचेक मिनिटं उरली असतील. मध्यावर तारपाकडे बॉल आला. त्याने हात वर केला, सगळे थांबले. आमचे थांबले म्हणून बुचकळ्यात पडून त्यांचेही थांबले. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पळालो. डबकं आलं. डावा निसटला, अर्धा वळलो, उजवा पाय हवेत फिरला, आणि त्या कमानीत, जणू वेळ ठरवून, वरून बॉल येऊन बसला. थाड्!

डोळ्यांत चिखल गेल्यामुळे माझ्या आयुष्यातला तो एकमेव गोल मी पाहिलेला नाही. ऐकला मात्र आहे. पाच भाषांमध्ये.

मॅच १–१ अशी सुटली. दोन्ही गोल माझे. बरोबरी साधायला आमच्या मुलखाला १७१ वर्षं लागली होती. मी ते काम तासाभरात उरकलं. नंतर तारपाने कॉलेज मध्येच सोडलं. त्याच्याशिवाय आम्ही पुन्हा हरू लागलो, आणि सर पुन्हा 'डाबे, डाबे' करू लागले.

गेल्या दिवाळीत भाचा सुट्टीवर आला होता. त्याला दुधनीचं पाणी दाखवायला नेलं. परतताना खानवेलच्या रस्त्यावर एका टपरीवर चहाला थांबलो, तर समोर टेम्पोला टेकून तारपा उभा. पोट थोडं सुटलेलं, पण मान तीच. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे आणि भात कापणी झाली की आजोबांचा तारपा तो स्वतः फुंकतो. मी अभिमानाने ओळख करून दिली, "हा आमचा क्वार्टरबॅक." आणि गोलाची गोष्ट सुरू केली. ती गेली अठरा वर्षं मी लग्नांत, बारशांत, पाळी बदलताना, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत सांगत आलो आहे, आणि दर वर्षी त्यात माझं अंतर पाच पावलांनी वाढतं.

भाच्याचे डोळे चमकले. त्याने विचारलं, "म्हणजे मामा कुठे पोचणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं? म्हणून त्याला पास दिलात?"

तारपाने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"त्याला नाय," तो म्हणाला. "त्याला कोण पास देल? मी डबक्याला दिला."

भाचा अजून हसतो आहे. आता शनिवारच्या फोनवर तो मला आधी डबक्याची खुशाली विचारतो.

म्हणून या पावसाळ्यात मुद्दाम त्या बाजूला जाऊन आलो. मैदान निम्मं उरलंय. उरलेल्या निम्म्यात मोटारसायकली लागतात. गोलपोस्ट नाही. चिंच आहे. गोलकीपरचे गुडघे गेले, ओडिया मुलगा सुरतेला गेला, नाशिककर वकील झाला, माझी कंबर मला चांगलीच ठाऊक झाली. चिंचेपासून पावलं मोजत गेलो, तर सातव्या-आठव्या पावलावर, परातीएवढं, काठोकाठ भरलेलं, ते होतंच.

आमच्या अख्ख्या संघात अजून फॉर्मात असलेलं ते एकटंच.