थकबाकीतलं स्थळ

लग्नाच्या बाजारात आपला भाव काय, याबद्दल लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडेपर्यंत मला कसलीही शंका नव्हती. भाव उत्तम होता. हिंजवडीत आयटीची नोकरी, पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा, कोथरूडला वन बीएचके (कर्जावर, पण कर्ज फोटोत दिसत नाही), उंची पाच फूट आठ इंच, त्यातला एक इंच बुटांचा. विवाहाच्या साइटवर सकाळी उठून बघावं तर 'इंटरेस्ट' येऊन पडलेले असायचे आणि मी ते नाकारायचो. नाकारण्यात मी एक शैली कमावली होती. 'प्रोफाइल छान आहे, पण अपेक्षा जुळत नाहीत' हे वाक्य मी इतक्या हळुवारपणे टाइप करायचो, की समोरच्या मुलीला आपलं काय हुकलं याची निदान चार दिवस हुरहुर लागावी.

१५ सप्टेंबर २००८ला लेहमनने दिवाळखोरी जाहीर केली आणि दिवाळी सरेपर्यंत माझ्या इनबॉक्सात शुकशुकाट झाला. अमेरिकेत कोणी घराचे हप्ते थकवले म्हणून सांगलीतले एक गृहस्थ माझा फोन उचलेनात, हे जागतिकीकरण मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. जे फोन उचलत, ते मुलाखत घेत. "प्रोजेक्टवर आहात की बेंचवर?" (बेंच म्हणजे पगार चालू, काम बंद) हा प्रश्न आयुष्यात संगणकाला हात न लावलेली माणसं विचारू लागली. ७ जानेवारी २००९ला सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी ताळेबंद खोटा असल्याचं पत्र लिहून कबूल केलं. त्यानंतर बार्शीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुमच्या कंपनीचे ऑडिटर कोण?" मला कंपनीच्या कॅन्टीनवाल्याचं नाव ठाऊक होतं. ते सांगून भागण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास जिल्हा परिषदेत लिपिक असलेला माझा एक मित्र, ज्याला मी काल-परवापर्यंत 'तुझंही जमेल रे' असा धीर द्यायचो, तो मुली नाकारू लागला. तेही माझंच वाक्य वापरून.

आता जरा 'वार्षिक उत्पन्न' या रकान्याकडे वळतो. वळायची गरज नाही, पण या विषयावर मला थांबवणं घरच्यांनाही जमलेलं नाही. आमच्या मामा-काकांच्या काळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'पाच आकडी पगार' एवढंच छापत. दहा हजार ते नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव, यात मुलगा कुठेही असू शकतो. केवढी शालीनता! साइटवाल्यांनी मात्र उत्पन्नाचे कप्पे केले आणि एका कप्प्यावर बोट ठेवायला लावलं. आमच्या पिढीच्या मदतीला तेव्हा सीटीसी धावून आला. सीटीसी म्हणजे कंपनीला आपण केवढ्याला पडतो तो आकडा. आपल्याला कंपनी केवढ्याला पडते, ते त्यात कुठेही नसतं. माझ्या सीटीसीत मूळ पगार होता, कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंड होता, विम्याचा हप्ता होता, जेवणाची कुपनं होती, कंपनीच्या बसचा खर्च होता आणि पाच वर्षं टिकलो तर मिळेल अशी ग्रॅच्युइटी होती. शिवाय 'व्हेरिएबल' होता, म्हणजे कंपनीचं बरं चाललं, माझं बरं चाललं आणि मॅनेजरच्या घरी बरं चाललं तर वर्षाअखेरीस येणारी रक्कम. या सगळ्याची बेरीज करून मी वरच्या कप्प्यात बसायचो. हातात येणाऱ्या पगाराने हिशेब केला, तर दोन कप्पे खाली.

माझं प्रोफाइल बाबांनी भरलं होतं. पोस्टात उभी हयात काढलेला माणूस. त्यांच्या पगारपत्रकात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, संपलं.

"ग्रॅच्युइटी मिळाली का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही, पाच वर्षांनी."

"मग ती या वर्षीच्या उत्पन्नात कशी?"

"बाबा, सगळे असंच लिहितात."

"आणि ही कुपनं? मुलीच्या बापाला पंगतीत देणार आहेस?"

बाबांनी मला खालच्या कप्प्यात टाकलं. मी रात्री पासवर्ड शोधून वर चढायचो, ते सकाळी पुन्हा खाली उतरवायचे. मंदीच्या पहिल्या तिमाहीत कंपनीने व्हेरिएबल शून्य केला, तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे आणि मग त्या रकान्याकडे पाहिलं. असो.

एव्हाना मीही बेंचवर आलो होतो आणि बेंचवर माणसाला वेळ फार असतो. अशा दिवसांत या साइटवाल्यांचं कसं चालत असेल, याचा मी अभ्यास सुरू केला. कंपनी मला त्याचाच पगार देत होती. परदेशी वर्तमानपत्रांत भलत्याच बातम्या होत्या: बाजार कोसळतोय आणि डेटिंगच्या साइटवर गर्दी वाढतेय. कारण सरळ होतं. हॉटेलातल्या एका जेवणाच्या खर्चात महिन्याची वर्गणी भागते, नोकरी गेल्यामुळे रिकामा वेळ मिळतो आणि वाईट बातमी ऐकल्यावर कोणीतरी शेजारी असावंसं वाटतं. मॅच डॉट कॉमसारख्या पैसेवाल्या साइट एकटेपणाची वर्गणी घेत होत्या. व्हँकूव्हरचा मार्कस फ्रिंड 'प्लेंटी ऑफ फिश' नावाची फुकट साइट जवळजवळ एकट्याने चालवत होता. त्याचं उत्पन्न जाहिरातींचं. मंदीत जाहिराती आटतात, तेव्हा हा बुडायला हवा होता. पण त्याच्याकडे जाहिरात कोण करायचं? पैसेवाल्या डेटिंग साइट! फुकटात ज्याचं जमत नाही, तो वैतागून शेजारच्या जाहिरातीवर बोट ठेवतो आणि पैसे भरतो. म्हणजे फुकट साइटला आपल्या गिऱ्हाइकाच्या अपयशाचे पैसे मिळत होते. हे वाचून मला आपल्या बेंचचं दुःख थोडं कमी वाटलं.

हार्वर्डमध्ये गणित शिकलेल्या चौघांची 'ओकेक्युपिड' ही दुसरी फुकट साइट. त्यांनी २०१०च्या एप्रिलमध्ये एक लेखच लिहिला, की डेटिंगसाठी पैसे कधीही भरू नयेत. युक्तिवाद चोख होता: पैसे भरणारा ज्यांना पत्रं लिहितो, त्यातल्या बहुतेकांनी पैसे भरलेले नसतात, म्हणून त्यांना उत्तर देता येत नाही, तुम्ही बंद दारं ठोठावण्याचे पैसे देता. २०११च्या फेब्रुवारीत मॅचने ही साइट ५ कोटी डॉलरला घेतली आणि तो लेख अंतर्धान पावला. तत्त्वाची एवढी किंमत आल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. फ्रिंडची साइटही २०१५मध्ये मॅच ग्रुपने ५७.५ कोटी डॉलरला घेतली.

आपल्याकडे या शास्त्राला वेगळाच फाटा फुटतो. नोकरी डॉट कॉम, जीवनसाथी डॉट कॉम आणि ९९एकर्स ही तिन्ही दुकानं इन्फो एज या एकाच कंपनीची. 'लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून' या म्हणीला नोकरी जोडून कोणी शेअर बाजारात उतरेल, असं आपल्या पूर्वजांना वाटलं नसेल. शिवाय इथे लग्न करणारा एक आणि वर्गणी भरणारा दुसरा. आमच्या साइटवर फुकट सभासदाला नुसता 'इंटरेस्ट' पाठवता यायचा, फोन नंबर पैसेवाल्यालाच दिसायचा. मी बाबांना म्हणालो, "मंदी आहे, आता फुकटात राहू." बाबा म्हणाले, "मंदी तुझ्याकडे आहे."

खरंच होतं. सरकारने सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी मंजूर केल्या ऑगस्ट २००८मध्ये, लेहमन बुडण्याच्या जेमतेम एक महिना आधी. १ जानेवारी २००६पासूनची थकबाकी, चाळीस टक्के आधी, साठ टक्के पुढच्या आर्थिक वर्षात. घरात लॅपटॉपवाला मी आणि बाजारात पत असलेले ते. सभासदत्व संपत आल्यावर साइटवरून एका मुलीचा फोन आला: सवलत आहे, आजच भरा. बाबांनी तिची चौकशी केली. गाव कोणतं, शिक्षण काय, तुमचं लग्न झालं का. पलीकडून ती हसली आणि म्हणाली, "नाही काका, आधी हे टार्गेट होऊ दे. आमच्याकडे पण माणसं कमी करतायत." बाबांनी वर्षाचं पॅकेज घेतलं.

त्यांची एक वही होती. पोस्टाच्या नोंदवहीसारख्या रेघा आखून तिच्यात प्रत्येक स्थळ लिहिलेलं. पैसे नेमके कशात घालवतायत ते बघावं म्हणून मी ती एकदा उघडली. शेरा या रकान्यात एका ठिकाणी लिहिलं होतं: 'मुलीची नोकरी गेली. वडिलांनी स्वतःहून सांगितले. अवश्य विचारावे.' आणखी दोन-तीन पानांवर तसंच. मग मला माझाच राग आला आणि साऱ्या व्यवस्थेचाही. ज्या वर्षी मी कप्प्यांतून चढ-उतार करत होतो, त्या वर्षी गावोगावी कितीतरी बाप अशाच वह्या घेऊन बसले असणार. त्यातल्या काही वह्यांत मी एक ओळ होतो आणि माझ्यापुढचा शेरा काय असेल याची कल्पना करवत नव्हती. एवढी माणसं एकमेकांना शोधत होती, आणि मध्ये भिंत कसली, तर दोन्हीकडच्या कोणीतरी एकाने पॅकेज घेतलेलं नाही, याची.

आमचं जमलं ते त्या वहीतूनच. मुलगी बेंचवर, मुलगा बेंचवर. पण तिचे वडील रेल्वेतून निवृत्त, त्यांचीही थकबाकी आलेली, त्यांनीही पॅकेज घेतलेलं. दोन निवृत्त माणसांना एकमेकांचे नंबर दिसले आणि पहिला अर्धा तास ते फक्त पेन्शनच्या फरकाबद्दल बोलले. मुलांचा विषय फोन ठेवता ठेवता निघाला. रुक्मिणीची चिठ्ठी भगवान श्रीकृष्णांनी वाचली होती. आमच्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्णांनी आयोगाचा अहवाल लिहिला. पत्रिकेवर त्यांचं नाव घालावं असं मी सुचवलं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

हल्ली ऑफिसातली मुलं माझ्याकडे जाणता म्हणून येतात आणि मी येऊ देतो. त्यांच्यावरही मंदीचं सावट आहे आणि त्यांच्या डेटिंग अॅपवाल्यांवरही: मॅच ग्रुपने २०२३च्या सुरुवातीला सुमारे ८ टक्के माणसं कमी केली, पुढच्या वर्षी बंबलने साडेतीनशेच्या आसपास. टिंडरने शाम्पूच्या पुडीसारखं आठवड्याचं पॅकेज आणलं आणि ज्यांना मंदी शिवत नाही त्यांच्यासाठी महिना ४९९ डॉलरचंही. मुलं विचारतात, "सर, पैसे भरू की फुकटात राहू?" मी खुर्चीत मागे रेलून सांगतो, की पैसे जरूर भरावेत, फक्त स्वतःचे भरू नयेत. आठवा वेतन आयोग जाहीर झालेला आहे. ज्यांचे वडील सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी आत्ताच चांगले फोटो काढून ठेवावेत.