श्रीमंत लघुअनुदान यांचे सेवेशी

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री लघुअनुदान यांसी आशागडहून एका अर्जदाराचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरील धवलेरींची लग्नगीते त्याच पाड्यांवरील मुलांनी ध्वनिमुद्रित करून लिहून काढावीत, एवढ्या माफक कार्यासाठी आम्ही आपल्या दारी अर्ज गुदरला असता, आपल्या दफ्तरातून जी प्रश्नावली आली, तिच्या वाचनाने आमच्या अज्ञानाचे पटल पार दूर झाले. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते, ते गाऊन लावते; आणि सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्या चौकात पालघट देवी बसते. ही परंपरा कितीही प्राचीन असली, तरी तिने आजवर तीन दरपत्रके मागवली नव्हती, ही गोष्ट आपणच प्रथम निदर्शनास आणलीत. यापुढे तीन पाड्यांवरून बंद लखोट्यात दर मागवून न्यूनतम दराच्या धवलेरीकडूनच लग्न लावून घ्यावे, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. वधूवरांची हरकत आल्यास ती जावक क्रमांकासह आपणांकडे रवाना करू. पिठाची पक्की पावती मात्र मिळणे दुर्घट, कारण भात घरचे आणि कांडणारे हातही घरचेच. ताडीचा खर्च आम्ही ‘अल्पोपाहार’ या सदरी भीत भीत घातला होता. त्यावर लाल शाईची रेघ आली.

उपयोगिता प्रमाणपत्र ३१ मार्चपूर्वी दाखल व्हावे, असा आपला हुकूम आहे. लग्नसराई वैशाखापर्यंत चालते, हा तिचा प्रमाद.

‘मोजता येण्याजोगी फलनिष्पत्ती’ या रकान्यापाशी तर लेखणी अडखळली. १९४५ साली वारल्यांच्या लढ्यात उतरलेल्या गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या हिशेबाने बाईंकडे पन्नास सहामाही अहवालांची थकबाकी निघते, आणि साहित्य अकादमीने १९७२ साली त्यांना पुरस्कार देताना ही बाकी तपासली नाही, ही गंभीर अनियमितता होय.

थट्टा पुरे. आपल्या अल्पत्वाबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात कागद नि रंग घेऊन आले, यापेक्षा लघु अनुदान ते कोणते? भिंतीवरची ती रेषा कागदावर उतरली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून देशोदेशी गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु चित्र पुढे गेले ते एकटेच. ते लिहिले जात असता जे गायिले जाई, ते कपबशीवर वा साडीच्या पदरावर छापता येत नसल्यामुळे मागेच राहिले. ते आज म्हाताऱ्या धवलेरींच्या कंठात आहे, आणि लिहून घ्यायला एक यंत्र, चार वह्या, मुलांचा प्रवासखर्च आणि धवलेरीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, एवढे पुरे आहे. आपण त्यापेक्षा अधिक रक्कम देऊ करता. उरलेली लेखापरीक्षकाच्या फीसाठी राखून ठेवण्याची अटही घालता.

तरी आमच्या अर्जाचा विचार करण्यापूर्वी आपण समक्ष पाहणीस यावे. वैशाखात पाड्यावर लग्न आहे. दोन रात्री मुक्कामाच्या तयारीने या, आणि चौकासमोर बसताना पायताण बाहेर काढा. ताडीची व्यवस्था आम्ही स्वखर्चाने करू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
प्रलंबित अर्जदार
मुक्काम आशागड, तालुका डहाणू