बिनटाक्याचे मर्द

सेलूत मर्दांची टंचाई नाही. दुधना आटेल, कापसाचा भाव पडेल, पण मर्दानगीची आवक बारमाही. स्टेशन रोडनं बुलेटचा सायलेन्सर फोडत एखादा गडी गेला, की म्हातारी माणसं छातीवर हात ठेवतात आणि गडी मिशीवर. वाढदिवसाला सुरी म्हणजे कमीपणा. केक अर्धा किलोचा, तलवार तीन फुटांची. शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, तर तो मान वेगळा.

हा ढाण्या वाघ भितो एकाच गोष्टीला : बिनटाक्याच्या नसबंदीला.

तिच्यात टाका नाही, भूल तेवढ्या जागेपुरती. थोड्या वेळात माणूस आपल्या पायांनी घरी. सरकार पैसे देतं, तेही बाईपेक्षा जास्त. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हिशेब असा निघाला : शंभर जोडप्यांमागे ऑपरेशन झालेल्या बायका 49, पुरुष अर्धासुद्धा नाही! रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली. ते गणिताचे प्राध्यापक होते. पण हे गणित त्यांनाही सुटलं नसतं.

पारावर विचारा, उत्तर तयार असतं. 'मग जड काम होत नाही, ओझं उचलवत नाही.' खरंच आहे. घरात ओझं उचलणारा तोच ना! बायको टाके सुकताच कापूस वेचायला जाते आणि दिवस मावळताना गाठोडं डोक्यावर घेऊन बांध ओलांडते. गडी बांधावर बसून 'नीट धर' म्हणतो, एवढं कष्टाचं काम त्याच्याकडे. सासूही ठाम : 'माझ्या लेकाला हात लावायचा नाही. उद्या काही झालं म्हंजी?' सुनेला काही झालं म्हणजे, हे विचारायचं राहून जातं.

डॉक्टर समजावतात : ताकद, इच्छा, मिशी, सगळं जागच्या जागी राहतं, फक्त बीज वाहणारी नळी बंद होते. गडी मान डोलावतो आणि यादीत बायकोचं नाव लिहून येतो.

शिबिराच्या दिवशी ती आत, हा बाहेर टपरीवर चहा पीत. गावात कुणी विचारलंच, तर छाती पुढं काढून सांगतो, 'आम्ही आप्रेशन करून घेतलं बरं का!'