लॅपटॉप तापवावा कसा

साहित्य: एक लॅपटॉप, शक्यतो सडपातळ बांध्याचा आणि घेतल्यापासून एकदाही न उघडलेला. एक गादी. चार्जर. पंधरा मिनिटांत संपली असती अशी सव्वा तासाची मीटिंग. आणि मे महिना, तोही नागपूरचा मिळाला तर उत्तम. पुण्याच्या मे महिन्यातही पदार्थ होतो, पण जरा कच्चा राहतो.

आधी भांडं कुठे ठेवायचं ते पाहू. बहुतेक लॅपटॉप पोटाखालच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि बिजागरीपाशी किंवा कडेला असलेल्या फटीतून गरम करून बाहेर टाकतात. खालचे रबरी पाय काही शोभेचे नाहीत. टेबल आणि जाळी यांच्यामध्ये हवेला वाट राहावी म्हणून ते असतात. नवशिके नेमके इथेच चुकतात आणि लॅपटॉप टेबलावर ठेवतात. तो गादीवर ठेवावा. कापसाची, नुकतीच पिंजून आणलेली असेल तर पाय आत रुततात, जाळीला चादर चिकटते आणि दहा मिनिटांत वाफ धरते.

गादी नसल्यास मांडी चालते. मात्र रोज तासन्‌तास तापता लॅपटॉप मांडीवर घेणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी करून ठेवल्या आहेत. दुखणं नवं नाही. शेगडीला चिकटून बसणाऱ्यांना ते पूर्वीपासून व्हायचं, काश्मिरात फेरनखाली कांगडी धरणाऱ्यांना होतं. ते बिचारे निदान बर्फात बसलेले असतात. आपण पंचेचाळीस अंशांत कांगडी धरतो आणि वर त्याचा पगार घेतो.

आता आच. सडपातळ लॅपटॉपमधले बरेच प्रोसेसर साधारण 15 वॅटचे असतात. आकडा फुसका वाटतो ना? आपल्याकडच्या जुन्या झिरोच्या बल्बने नावात शून्य मिरवलं, तरी तो जवळपास तेवढेच वॅट खायचा. रात्रभर जळलेल्या त्या बल्बला ज्याने बोट लावून पाहिलंय, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. तीच ऊब नखाएवढ्या चकतीत कोंडायची आहे, आणि कामाचा जोर आला की हे प्रोसेसर थोडा वेळ 15 ची मर्यादा ओलांडूनही खातात.

जोर आणण्यासाठी कॅमेरा सुरू करावा. मग लॅपटॉप तुमचं चित्र टिपतो, ते दाबून बारीक करून धाडतो आणि त्याच वेळी इतर अकरा जणांची चित्रं उलगडून चौकटींत मांडतो. हे सगळं ब्राउझरमध्ये, चाळीस टॅब उघडे ठेवून करावं. चार्जर लावलेला असावा, म्हणजे बॅटरीची ऊबही कामी येते.

खरी फोडणी मात्र मागची भिंत धूसर करण्याची. 720पी चित्रात 9,21,600 ठिपके असतात आणि अशी चित्रं सेकंदाला तीसपर्यंत येतात. त्यातल्या प्रत्येक चित्रात तुम्ही कुठे संपता आणि कपाट कुठे सुरू होतं, याचा निवाडा लॅपटॉपला करावा लागतो. जमिनीच्या मोजणीत एका बांधासाठी पिढ्या जातात. इथे सेकंदाला तीस वेळा मोजणी चाललेली असते. म्हणून अधूनमधून कान नाहीसा होतो किंवा अर्धी मान कपाटाच्या वाटणीला जाते. आणि इतकं करून लपवायचं काय? माझ्यामागे बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया होत्या.

आतापर्यंत पंखा ओरडू लागला असेल. घाबरू नये, पदार्थाला कढ आल्याची ती खूण. आमच्या घरी या घटकेला आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘चक्की कोणी सुरू केली रे?’ ऑफिसातला मित्र म्हणतो, ‘काहून बे, विमानतळावर बसून काम करून राह्यला का?’ पुण्याचे साहेब सभ्य. ते म्हणाले, ‘तुमच्याकडे पाऊस पडतोय वाटतं?’ त्या दिवशी बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

यावर हुशार विद्यार्थी मीटिंगमध्येच आवाजगाळणी सुरू करतो. भोवतालचा गोंगाट वगळून फक्त तुमचा आवाज पुढे धाडणारी ही सोय. ती खरोखर काम करते; पंखा कुणाला ऐकू येत नाही. पण गाळण्याचं काम कोण करतं? तोच प्रोसेसर. तो आणखी तापतो, पंखा आणखी जोरात फिरतो, गाळायला आणखी आवाज मिळतो. असा स्वतःवरच चालणारा धंदा आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारातही मी पाहिलेला नाही. मला तर त्या पंख्याची कणव येते. सगळ्या मीटिंगमध्ये काम करतोय तो एकटा, आणि म्यूट करायचं तेही त्यालाच.

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की पदार्थ तयार झाला समजावं. पाणी ज्या अंशाला उकळतं तिथेच बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ती संपते. मग तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. आवाज तुटतो, आणि तोंड उघडं असतानाच चित्र थिजतं. अशा वेळी न चुकता ‘आमचं वायफाय जरा...’ म्हणावं. राउटरने आजवर ही निंदा निमूट सोसली आहे.

काहींना ताटात वाढण्याआधी पदार्थ निववायचा असतो. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवावा, मागची कड पुस्तकाने उचलावी. जाळी झाकेल असं पुस्तक आडवं सारू नये. भिंत धूसर करणं बंद करावं. बारा चेहऱ्यांऐवजी बोलणारा एकच पाहावा. तेवढंही पुरे होतं. जाळीत जमलेली धूळ लॅपटॉप बंद करून हवेच्या डब्याने उडवावी, पण पंख्याचं पातं काडीने धरून. मोकळं सोडलं तर ते भिंगरीसारखं गरगरतं आणि डायनॅमोप्रमाणे आत वीज सोडू शकतं. चारेक वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावा. आणि पंख्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये: खोलीत बेचाळीस अंश असतील तर तो बेचाळीस अंशांचीच हवा ओढतो. लॅपटॉप कूलरसमोर धरण्याचा मोह होईल. धरू नये, कूलर हवेबरोबर ओलही देतो.

मी हे सगळं केलं. कूलर खिडकीत होता, तो लॅपटॉपपासून दूर, माझ्या पाठीकडे वळवला. भिंत उघडी केली. आवाजगाळणीही काढून टाकली, आता तिचं काय काम? पंखा हळूहळू मंदावला आणि गप्प झाला. मग त्याच्या आवाजाखाली इतके दिवस दडलेला कूलर सगळ्यांना ऐकू आला: घरघर, आणि वाळ्याच्या ताट्यांवरून टपटपणारं पाणी.

‘आज जोरात दिसतोय,’ साहेब म्हणाले. ‘आणि ते मागे बाजेवर काय आहे? भिजेल ना!’

मी उठलो आणि कुरडया आत घेतल्या.